फ्रेमच्या खालच्या बाजूचा फोटो

६ जानेवारी

संघप्रिया पडली! चालती सायकल तुटली — हँडलजवळचा खालचा मोठा पाईप कटकन गेला, अन् पोरगी तोंडावर. उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. प्लॅस्टर सहा आठवडे.

पाच फेब्रुवारीले पोलीस भरतीची मैदानी आहे. गोळा उजव्याच हातानं फेकते ती. मागच्या वेळी दोन मार्कांनं राह्यली. तीन वर्षं झाली, ऊर्जानगरहून मैदानावर रोज जाणं, धावणं, घामानं न्हाऊन येणं — अन् आता हे! दवाखान्यात तिची आई गिरजाबाई रडली, मी रडलो. पोरगी नाई रडली. म्हणे, "बाबा, सायकल कुठी आहे?"

सायकल लोकांनी बाबूभाईच्या दुकानात नेऊन टाकली. सात महिन्यांपूर्वी तिथूनच घेतली होती.

७ जानेवारी

कार्ड शोधून काढलं. 'फ्रेमवर आयुष्यभराची वॉरंटी.' कोणाच्या आयुष्यभर? कोंबडीच्या?

छत्तीस वर्षं पॉवर स्टेशनात फिटर होतो. किती पाईप या हाताखालून गेले त्याची गिनती नाई. चांगला पाईप सात महिन्यांत आपोआप नाई तुटत. माल खोटा आहे, बस्स! मले नवी फ्रेम नको. कबुली पाहिजे. 'आमची चूक झाली' — असं लेखी द्या म्हणा.

११ जानेवारी

कंपनीले फोन. अर्धा घंटा पिपाणी वाजली. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' महत्त्वाचा असता तं उचलला नसता का बाप्पा!

शेवटी एक पोरगी बोलली. गोड बोलते. बिल, फ्रेमचा नंबर, अन् तुटल्या जागेचे चारही बाजूंनी फोटो पाठवा म्हणे. संघप्रिया म्हणे, "मी पाठवते बाबा, तुम्हाले मोबाईलचं नाई जमत." बाबूभाईकडून फोटो मागवून घेतले तिनं. डाव्या हातानं एकेक अक्षर दाबून राह्यली होती. पाहवलं नाई, बाहेर जाऊन बसलो.

१९ जानेवारी

आठ दिवस काहीच नाई. पुन्हा फोन. गोड पोरगी म्हणे, "सर, खालच्या बाजूचा फोटो मिळालेला नाही. सायकल आपलीच आहे ना?"

डोस्कं फिरलं! म्हटलं, "बाई, माह्या पोरीचं नाव आहे त्या पाईपावर. अकरा अक्षरं, इंग्रजीत. मी सोता ठोकली आहेत!"

आमच्या वर्कशॉपची रीतच ती. नाव नाई तं वस्तू आपली नाई. पाना ठेवला, पाठ फिरवली की गायब. म्हणून लोखंडी अक्षराचा पंच घ्यायचा, वरून हातोडी हाणायची. रिटायर होताना पंचाचा डबा मी मागून आणला. घरातला तवा, कुदळ, पाण्याचा गुंड — सगळ्यावर नाव. गिरजाबाई म्हणते, "एक दिवस माह्या कपाळावर माराल." सायकल आली त्या दिवशी उलटी करून खालच्या अंगानं मारलं. चोराले दिसू नये अन् आपल्याले ओळखू यावं. पोरगी बाजूले बसून हासत होती.

तो फोटो काऊन नाई गेला म्हणून संघप्रियाले विचारलं. "नेटवर्क नसन," म्हणे.

२४ जानेवारी

फोटो अजून नाई गेला. रोज नेटवर्क नसते काय?

३० जानेवारी

आज बाबूभाईच्या दुकानात गेलो. म्हटलं, सायकल द्या, मीच फोटो काढतो कोणाच्या तरी मोबाईलवर. तो म्हणे, "भाऊ, कंपनीचा आदमी येणार आहे पाहायले. हलवता नाई येत." कधी येणार? "येईल."

मग माझा तोल गेला. गिऱ्हाईक उभे होते चार-पाच, त्यांच्यासमोर बोललो. म्हटलं, तुम्ही कंपनीले मिळालेले आहात! तीस वर्षांची दोस्ती, अन् माह्या पोरीच्या गळ्यात खोटा माल बांधला! तिचा हात गेला, भरती गेली, अन् तुम्ही सायकल लपवून राह्यले!

त्याचा पोरगा अजीम पुढे आला. "चाचा, बात ऐसी है के वो पाईप पे—" बाबूभाईनं त्याच्याकडे असं पाह्यलं की तो चूप झाला. मले फक्त म्हणे, "बैठो भाऊ. चाय पिओ."

नाई घेतली चाय. त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाई म्हणून सांगून आलो.

५ फेब्रुवारी

आज मैदानी होती.

८ फेब्रुवारी

कंपनीचा मेसेज आला — सात दिवसांत फोटो नाई आला तं तक्रार बंद. संघप्रिया म्हणे, "जाऊ द्या ना बाबा. झालं ते झालं." जाऊ द्या? काऊन जाऊ द्या? तिच्यावरही खेकसलो.

दुपारी पुन्हा गेलो. पायरी नाई चढलो, रस्त्यावरूनच हाक मारली. बाबूभाई नमाजले गेला होता. अजीमनं मुकाट्यानं सायकल बाहेर आणून दिली. माह्या तोंडाकडे पाह्यलं नाई त्यानं. ऑटोत टाकून घरी आणली.

अंगणात उलटी केली. माती लागली होती, ओल्या फडक्यानं पुसली.

तडा माह्या अक्षरातून गेला आहे.

पहिल्याच अक्षराच्या पोटातून निघाला, पाईपाच्या दोन्ही अंगानं वर गेला. कोणाले विचारायची गरज नाई. जुना तडा काळा असते, नवा चमकते. पंचाच्या खुणेपाशी सगळा काळा आहे. म्हणजे कित्येक दिवसांपासून हळूहळू उघडत होता. ती रोज त्यावर बसून जात होती.

अलॉयचा पातळ पाईप. माह्या हाताले लोखंडाची सवय. एका ठोक्यात नीट नाई उमटलं म्हणून पहिल्या अक्षरावर तीन ठोके हाणले होते मी. अन् वर्कशॉपात नव्या पोट्ट्यांवर मीच ओरडत होतो — "अबे, दाबाच्या पाईपावर पंच नोको मारू, तिथूनच फाटते!"

आतून कानस आणली. दहा मिनिटांचं काम. अक्षरं घासून टाकली, वर थोडी माती चोळली, की कंपनीच्या बापालेही कळणार नाई. अन् पोरीलेही नाई. कानस पाईपावर टेकवली होती. गिरजाबाईनं आतून विचारलं, "काय करून राह्यले?" म्हटलं, काई नाई. सायकलवर पोतं टाकलं.

९ फेब्रुवारी

सकाळी वंदनेले बसलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी अडकलो. खोटं बोलणार नाई — रोज म्हणतो, पाठ आहे. गिरजाबाईनं वळून पाह्यलं.

कानस परत डब्यात ठेवली. घासलं नाई. उद्या तक्रार मागे घेतो. मग पोरीले सांगतो. कसं सांगू? तुह्या हातावर मीच हातोडी हाणली, असं?

१० फेब्रुवारी

संघप्रिया आईसंग प्लॅस्टर दाखवायले गेली. मोबाईल चार्जिंगले लावून गेली. लॉक ती कधी ठेवतच नाई. कंपनीचा नंबर पाहायले उघडला. कंपनीच्या खालीच बाबूभाईचं नाव.

फोटो होता. उलटी सायकल, अकरा अक्षरं, अन् पहिल्यातून निघालेला तडा. सहा जानेवारी. ती पडली त्याच दिवशीचा.

खाली त्यानं लिहिलं होतं, "बेटा, भाऊले दाखवू का?"

तिचं उत्तर — "नको चाचा. बाबाले हे कधीच नका दाखवू. कंपनीलेही नका पाठवू."

मोबाईल होता तसा ठेवला. पोरगी दुपारपर्यंत येईल. तोवर बाबूभाईच्या दुकानात जाऊन येतो. पायरी चढून.