वहिनीचा बुधवार

बुधवार, ८ जानेवारी
काल संध्याकाळीच गावी आले. हॉस्टेलच्या किल्ल्या, मुलींच्या गीझरच्या तक्रारी, सगळं सहायक बाईंवर सोपवून. रेक्टर झाल्यापासून आठवड्याचा हा एकच दिवस माझा.

सकाळी अंगणात खाट टाकून उन्हात पडले. वहिनीने चहा दिला. मग भाकरी, पावट्याची आमटी. पुन्हा झोपले. दादा शेतावरून आला तेव्हा म्हणाला, "सुमे, अजून तितंच?" हो, तिथंच. दिवसभर काही केलं नाही. फार बरं वाटलं.

दुपारी वहिनी शेजारी पावटे सोलत बसली होती. मधेच म्हणाली, "वन्सं, तुमी हितं आल्यावर तुमच्या खोलीवर कोन असतं?"
"कुणी नाही. कुलूप."
"मग कोन हाकबी मारत न्हाई तितं?"
"कशाला मारतंय?"
"व्हय," म्हणाली आणि सोलत राहिली.

बुधवार, १५ जानेवारी
काल संक्रांत. तिळाच्या वड्या खाऊन पोट जड. ऊन छान. कुशीवर वळायचाही कंटाळा.

चहा ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "पुढच्या बुधवारी म्या जाऊ का तुमच्या खोलीवर?"
"कशाला?"
"झोपायला."
मी हसले. ती हसली नाही.
"तुमाला माहेर हाय वन्सं. येता, पडता. माझं कुटंय आता?"

तिचे आईवडील गेले, भावांनी जमीन विकली, जो तो शहरात. लग्नाला पंचवीसएक वर्षं झाली असतील. ती कुठे जाऊन नुसती पडलीय असं मी तरी पाहिलेलं नाही. एवढी वर्षं ही खाट माझ्यासाठी तीच झटकून ठेवते.

"जा की," म्हटलं. "दादाशी मी बोलते."

रविवार, १९ जाने.
दादाला फोन.
"तिला काय कमी हाय हितं?"
"कमी काही नाही. कामच जास्त आहे."
"आन् म्हशीची धार?"
"मी काढीन."
इतका हसला की फोन लांब धरावा लागला. मग म्हणाला, "एक दिस जाऊ दे. बघू तुझी धार."

बुधवार, २२ जाने.
वहिनी सकाळच्या गाडीने गेली. नवी साडी, पिशवीत वड्यांचा डबा. किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली. फाट्यावर उतरून हॉस्टेलकडे, लवळ्याला जाणारी रिक्षा कशी धरायची ते तीनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी धार. म्हैस मला उभीच करीना. बादली लाथाडली. दादा दावणीला टेकून मजा बघत होता. शेवटी आत गेला, वहिनीची रोजची साडी आणली, माझ्या अंगावर टाकली. "आता बस." म्हशीने वास घेतला, कान हलवले, पान्हा सोडला. निम्मी धार मी काढली, निम्मी त्याने. मनगटं भरून आली.

त्याआधी, दुपारच्या भाकऱ्याही जाड. एक मधेच फाटली. दादाने मुकाट्याने खाल्ल्या. "चालतंय," एवढंच.

जेवणानंतर मात्र कामं आटोपून खाटेवर पडले ती मेल्यासारखी झोपले. नुसतं लोळून येते त्याहून ही झोप वेगळी. गोड.

अंधार पडता पडता वहिनी आली. तोंड सुजलेलं, झोपून झोपून.
"काय केलंस?"
"निजले. उठले. मेसमदनं ताट आनलं. कुनीतरी केलेलं, वन्सं! मीठ कमी व्हतं, तरी सगळं खाल्लं. पुन्ना निजले."
"कुणी आलं नाही ना?"
"एक पोरगी आली. तुमाला हुडकत. रडत व्हती, घरची आठवन. बसवली. डोक्याला तेल लावलं."
"म्हणजे तिथेही कामच."
"न्हाई वो. तिनं काय मागितलं न्हाई. नुसती बसली. मीबी बसले."

सोमवार, २७ जाने.
मेसमध्ये दोन मुलींनी विचारलं, मॅडम, त्या काकू परत कधी येणार? ज्या मुलीला तेल लावलं ती आता जेवते नीट.

बुधवार, २९ जाने.
वहिनी पुन्हा गेली. या वेळी एकच सूचना, म्हशीला शेवटी थोडं कुरवाळा.

धार जमली. साडी अंगावर घेऊनच, पण जमली. दादाने स्वतःहून चहा केला, साखर दुप्पट. दोघं पायरीवर बसलो. समोर डोंगर, खाली धरणाचं पाणी, ऊन उतरत होतं. लहानपणी असे बसायचो, नंतर कधी नाही.

मग म्हणाला, "ती तितं काय करती गं?"
"काही नाही."
"दिसभर?"
"दिवसभर."
"मलाबी एकदा बघायचीय ती खोली."
"मुलींचं हॉस्टेल आहे, दादा. पुरुषांना गेटच्या आत सोडत नाहीत."
"नवऱ्यालाबी?"
"नवऱ्याला तर नाहीच."
कप घेऊन आत गेला. विसळला, बहुतेक. आवाज आला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आज आले तर जेवताना वहिनी एकदम म्हणाली, "उद्या मुक्काम करू का तितं? सक्काळी येते."
मी लगेच सहायक बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, नातेवाईक बाई एक रात्र राहिली तर हरकत नाही. ते सांगितलं.
दादाने भाकरी मोडली. "बघू," म्हणाला.
ना होकार, ना नकार. तेवढ्यात मारुंजीला राहणाऱ्या दादा-वहिनीच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "जाऊ द्या की आईला." दादा त्यालाही बघू म्हणाला.

बुधवार, ५ फेब्रु.
सकाळी वहिनी निघाली तेव्हा पिशवी नेहमीपेक्षा मोठी. दादाने पाहिली. उचलली आणि स्टॉपपर्यंत नेऊन दिली. आत काय आहे, रात्री परत येणार का, ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. गाडी वळणापलीकडे गेली तरी तो तिथेच उभा.

सारवण केलं, पावटे सोलले, झोपले, उठले. घर शांत. मजेत आहे मी. हातांना आता कामाची सवय होतेय, तेही बरं वाटतंय.

ऊन गेलं. शेवटची गाडी यायची आहे. दादा दोनदा अंगणात येऊन रस्ता बघून गेला, उगाच म्हशीपाशी उभा राहिला.

मी परात घेऊन बसलेय. पीठ तिघांचं घेऊ की दोघांचं?