शुक्रवारी लागणारा सिनेमा

आई, तुझा सिनेमा येतोय. येत्या शुक्रवारी, इथे नगरलाच लागतोय. सोमवारी मोबाईलवर जाहिरात पाहिली तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज लॅबमध्ये रक्त काढताना एका आजोबांची शीर सापडेना, पुन्हा टोचावं लागलं. सोबतची सून म्हणाली, मॅडम, तुमचं चित्त ठिकाणावर नाही. खरंच नव्हतं. येणाऱ्या सिनेमांची वाट पाहायचं हे वेड तुझ्याकडूनच आलंय. लागलेल्या सिनेमापेक्षा तुला येणाऱ्याचं कौतुक जास्त. पाथर्डीला गेलो आणि स्टँडजवळच्या भिंतीवर 'लवकरच' लिहिलेलं पोस्टर दिसलं की तू पिशवी खाली ठेवून उभी राहायचीस, आणि घर येईपर्यंत त्याची गोष्ट स्वतःच रचून मला सांगायचीस. आता मी ट्रेलर बघते आणि लेकीला तशाच गोष्टी सांगते. यंदा मला कुस्ती खेळणाऱ्या बहिणींचा सिनेमा बघायचाय, एक भुताचा बघायचाय, आणि तुझ्या आवडत्या हिरोचा, जो आता म्हाताऱ्या बापाचं काम करतो. पण सोमवारपासून ते सगळे मागे पडलेत.

तिसगावात शूटिंगवाले आले तेव्हा मी सातवीत होते. तू गिरणीतून दळण घेऊन येतेयस, मी तुझ्या मागे. एसटी थांब्यावर गर्दी, मधोमध सुटकेस घेतलेली हिरॉईन. गावातल्या बाईचं काम करणारी नटी आलीच नव्हती, म्हणून डायरेक्टरने तुला बोलावलं. वाक्य एकच. हिरॉईन धावत येणार आणि तू सांगायचं, बस गेली, आता उद्याच. तू डबा माझ्याकडे दिलास, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "यष्टी गेली बाई. आता उद्याच." त्यांनी 'बस' म्हणायला सांगितलं. पुन्हा घेतलं, तू पुन्हा यष्टीच म्हणालीस. शेवटी डायरेक्टर हसून म्हणाला, राहू द्या. अण्णा मात्र रागावले. बायकोने चारचौघांत तोंड दाखवायची काय गरज होती, असं म्हणून ताटावर बसलेच नाहीत. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस आणि ओठांतल्या ओठांत तेच वाक्य म्हणत होतीस.

सिनेमा काही आला नाही. दर शुक्रवारी तू विचारायचीस, मी शाळेत येणाऱ्या पेपरात शोधायचे. निर्माता आणि त्याचा भाऊ कोर्टात गेलेत, असं कुणीतरी सांगितलं. तू म्हणायचीस, अवंदा येईल. आजारी पडलीस आणि जीपमधून तुला नगरच्या दवाखान्यात आणत होतो, तेव्हाही थिएटर दिसताच तू मान वळवून पोस्टर वाचलंस. त्याच उन्हाळ्यात गेलीस. आता म्हणे भांडण मिटलं, आणि निर्मात्याच्या मुलीने जुनी रिळं दुरुस्त करून घेतली.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, तूच बघून ये, मला सहन व्हायचं न्हाई. अण्णा माझ्याकडेच असतात, त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. त्यांना सांगावं की नको, या विचारात मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. काल चहा देताना सांगून टाकलं. त्यांनी चाचपत बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला बी न्यायचं."

मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला पडद्यावरचं दिसणार नाही. तो तुकडा कापलाही असेल, नाहीतर दुसऱ्याच बाईचा आवाज घातला असेल.

"आसू दे. तिचा आसला तर वळखीन मी," ते म्हणाले, आणि आत्तापासूनच धुतलेला सदरा काढून ठेवायला सांगितला.

तिकिटं काढलीत. तुला लिहिलेला हा कागद लॅबच्या एप्रनच्या खिशात ठेवीन, तिथेच राहील. अण्णांपुढे बोलता आलं नाही ते तुला सांगते. ट्रेलर मी पुन्हापुन्हा पाहिला. त्यात आपला थांबा क्षणभर दिसतो, तू दिसत नाहीस. तुझा चेहरा मला आठवतो, त्या दिवशीचं पातळ आठवतं, पिशवी ठेवून उभं राहणं आठवतं. आवाज आठवत नाही, आई. कधी विसरले तेही कळलं नाही. शुक्रवारी मी अण्णांचा हात धरून बसेन, आणि तू बोललीस की नाही, हे त्यांनाच विचारेन.