माघातली वीज

आप्पा, तुमचा खोकला आता कसा आहे? आईचे गुडघे तिथं तरी दुखायचे थांबले का? आत्याला नीट दिसतं ना, की अजून सुईत दोरा ओवायला कुणाला तरी हाका मारत बसते? इकडं सगळे बरे आहेत. मला साखर निघाली आहे, पण चहा सोडलेला नाही. हे आईला सांगू नका.

लिहायला बसले ती कुरणासाठी. वनखात्याची रखवाली करत तुम्ही जिथं जन्म घालवलात, ते माळरान तपासायला गेल्या आठवड्यात सोलापुराहून माणसं आली होती. गवत कुठं टिकलंय, कुठं बाहेरची झाडं लावून बिघडलंय, आग किती वर्षांनी लागते, ती वीज पडून लागते की माणसाच्या हातानं, असलं सगळं लिहून नेतात. त्यांना जुनं बघितलेलं माणूस हवं होतं, म्हणून मला जीपमधून नेलं. त्यांच्यातल्या एका पोरीनं तुमच्या नोंदवहीची पानं आणली होती. तुमचं ते कललेलं अक्षर बघून ऊर भरून आला. पण तिचं बोट नेमकं त्या ओळीवर होतं. ‘माघ महिना. वीज पडून कुरण पेटले.’ पोरगी हसली. म्हणाली, “आज्जी, माघात कुठली वीज?”

माझ्या लग्नाच्या आदलं वर्ष ते. तुम्ही तापानं फणफणला होता आणि जाळपट्टा जाळायचा राहिला होता. तुमची रीत मला पाठ: दोन्ही अंगांचं गवत कापून काढायचं, मग मधली पट्टी सकाळच्या पडल्या वाऱ्यात जाळायची, म्हणजे उन्हाळ्यात आग आली तरी तिथं अडते. तुमचं ओझं हलकं करावं म्हणून मी विळा घेऊन एकटीच गेले. एक बाजू कापली. ऊन चढलं, हात भरून आले. दुसऱ्या बाजूला काय होतंय, म्हणून काडी लावली. वारा फिरला. दुपारपर्यंत अर्धं कुरण काळं. घरी येऊन मी म्हणाले, “आप्पा, वीज पडली.” तुम्ही माझ्या करपलेल्या भुवया बघितल्यात. “व्हय? लई जवळ पडली म्हणायची की.” आणि आईला म्हणालात, “पोरीच्या हाताला लोणी लाव.” एवढंच. दोन दिवसांनी भाकरी घेऊन मी चौकीवर आले, तर साहेब सगळ्यांदेखत विचारतोय, “आभाळात ढग नाही आणि वीज पडते?” तुम्ही मान खाली घालून उभे. मी भाकरी दारातच ठेवून पळाले.

तेव्हापासून मला वाटतंय, कुरण मीच मारलं. पुन्हा तिथं पाय टाकला नाही, सासरी गेल्यावर तर त्या वाटेलाही फिरकले नाही.

त्या पोरीसमोर मात्र तोंडातून निघून गेलं, “वीज न्हाय बाई, मी पेटवलं.” पोरगी रागावली नाही. खुरप्यानं गवताचा एक ठोंब उपटून माझ्या हातात दिला. “हे मुळांतून जगतं आज्जी. एखादी आग सोसतं. दरसाल लावली असती तर गेलं असतं. झाडं लावलेला तो तुकडा बघा, तिथं मात्र गवत उरलं नाही.” मी जाळलं होतं तिथं गुडघाभर गवत डुलतंय आप्पा. एक चंडोल वर जाऊन गात होता. मी खालीच बसले. मग तिनं तिच्या कागदावरचं ‘वीज’ खोडून ‘माणसाच्या हातानं’ असं लिहिलं. “नाहीतर पुढची माणसं माघात वीज शोधत बसतील,” म्हणाली.

माझ्यासाठी लिहिलेली तुमची ओळ खोटी ठरली. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, परतताना जीपमध्ये मला इतकी गाढ झोप लागली की घर आल्यावर हलवून उठवावं लागलं.

हे पत्र कुठं टाकायचं ठाऊक नाही, टाकणारही नाही. तरी रागावला असाल तर तसं, नसाल तर तसं, पण दोन ओळी लवकर लिहा.