आधी तू बघ

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. मीही बरी आहे. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. बारा वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाईच्या घरचा नळ तीन महिने ठिबकत होता, यावर आमच्या मीटर तपासनीसांनी मनसोक्त हसून घेतलं. तुझ्या खोलीची खिडकी आता नीट लागते. तुझा जाड स्वेटर इथेच राहिला आहे, तो वेगळ्या पार्सलने पाठवते.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला हसू येईल. मेल केली असती तर तू आधी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला असतास. अक्षर मात्र माझं आहे, हे तुला न तपासता कळेल. शिवाय हल्ली मला मेल उघडायला नको वाटतं. का, ते तुला माहीत आहे. पण पूर्ण माहीत नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा कपाट आवरताना तुझी पहिली केबल सापडली. आठ तारा, एका टोकाला लावलेला तिरका प्लग. कॉमर्स अर्धवट सोडून तू नेटवर्किंगच्या डिप्लोमाला गेलीस तेव्हा मामाने तोंड वाकडं केलं होतं, पोरगी वायरमन होणार का म्हणून. आमच्या ऑफिसच्या भंगारातून मी दोन जुने राउटर मागून आणले आणि जेवणाच्या टेबलावर तुझी प्रयोगशाळा थाटली. आपण महिनाभर मांडीवर ताट घेऊन जेवलो. रोज सकाळी मी ऑफिसला निघायच्या आधी तुझी उजळणी घ्यायची. पोर्ट म्हणजे संगणकाच्या दारांचे नंबर; बावीस कशाचं, त्रेपन्न कशाचं. तू अडलीस की आतून आई ओरडायची, "चारशे त्रेचाळीस!" प्रश्न कोणताही असो, तिचं उत्तर तेच. दहातून एकदा ते बरोबर यायचं आणि मग दिवसभर तिचा रुबाब बघवत नसे.

पहिल्या परीक्षेत तू नापास झालीस. दुसऱ्यांदा बसलीस, पास झालीस, मग सायबर सुरक्षेचा मोठा कोर्स केलास आणि त्या मोठ्या शहरात नोकरी मिळवलीस. लोकांच्या ऑफिसात त्यांच्याच परवानगीने घुसून दाखवायचं आणि भोकं कुठे आहेत ते सांगायचं, हे तुझं काम मी तक्रार खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत होते. माणूस पाणी येत नाही म्हणून तक्रार घेऊन यायचा आणि तुझं कौतुक ऐकून जायचा.

तुझ्यामुळे मीही थोडं शिकले. नाव बघू नको, पत्ता बघ. घाई करायला लावणारी मेल आली की हात मागे घे. पासवर्ड मागितला की खुर्चीतून ऊठ. हे तिन्ही नियम मी कागदावर लिहून माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. अजून तिथेच असतील. टेबल आता माझं नाही.

त्या बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझी मेल आली. आईची तपासणी सोमवारीच झाली होती. तुला ते माहीत होतं, मीच फोनवर सांगितलं होतं. मेलमध्ये एकच ओळ होती: आईचा रिपोर्ट आलाय, आधी तू बघ.

भिंगरी, पत्ता मी बघितला. तुझ्या नावानंतर एक जादा रेघ होती. तुझी शिकवण वाया गेलेली नाही. मला वाटलं, हिने पुन्हा नवा पत्ता काढलेला दिसतोय, तुझे आधीच चार आहेत. आणि ती ओळ वाचून मला बाबांचं आठवलं. बाबांच्या वेळी आईने रिपोर्टचं पाकीट दवाखान्याच्या पायरीवर एकटीने फोडलं आणि तासभर तिथेच बसून राहिली. शेवटी शिपायाने तिला रिक्षात बसवून दिलं. तेव्हा तू अकरावीत होतीस. त्या दिवशी गच्चीवर आपण दोघींनी ठरवलं की यापुढे घरातलं कुठलंही पाकीट आधी मी बघायचं, मग तुला सांगायचं, मग दोघींनी मिळून आईला. तू म्हणाली होतीस, "आधी तू बघ." ते तीन शब्द जगात दोनच माणसांना ठाऊक होते. माझ्याशिवाय दुसरी तू.

म्हणून मी फाइल उघडली. तिने ऑफिसचा पासवर्ड मागितला, मी दिला. पान कोरं आलं. मग तुला सात फोन केले. संध्याकाळी तुझा निरोप आला की मीटिंगमध्ये होते, मेल चुकून गेली, रिपोर्ट अजून आलेला नाही. मी सुस्कारा सोडला. तुला त्या वेळी काय वाटत होतं, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पुढच्या मंगळवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. बाहेरच्या कंपनीने आपली सुरक्षा तपासली आहे, अहवाल ऐका, असं सांगितलं होतं. आत गेले तर पडद्याशेजारी तू उभी. निळा कोट, केस वर बांधलेले. पहिल्यांदा मला काय झालं सांगू? आनंद. वाटलं, पोरगी न सांगता आली, मला चकित करायला. मी शेजारच्या बाईला कोपरानेही ढोसलं.

मग तू सांगू लागलीस. मुख्य यंत्रणेत शिरायला किती वेळ लागला? चार मिनिटं. कोणत्या दारातून? तक्रार खिडकी. पडद्यावर माझं नाव नव्हतं, "कर्मचारी क्रमांक एक" होतं, पण तक्रार खिडकीवर मी एकटीच बसायचे. आईचा रिपोर्ट, आधी तू बघ, हे शब्द हातभर मोठ्या अक्षरांत भिंतीवर होते. साठ माणसं वाचत होती. कुणीतरी हसलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मॅडम, यात तुमचा व्यक्तिशः दोष नाही. अशा भावनिक मजकुराला कोणीही फसतं."

मॅडम. तुझी वेणी घालून शाळेत सोडणारी मॅडम.

त्या दिवशी तू घरी आली नाहीस. आईला तू गावात येऊन गेल्याचं अजून माहीत नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर तू रडलीस, मग समजावलंस, मग चिडलीस. हे तुझं पहिलंच स्वतंत्र काम होतं, दोन आठवडे काहीच हाती लागत नव्हतं, रिकाम्या हाताने परत गेली असतीस तर पुन्हा केबल ओढायला बसवलं असतं. "ताई, खरा चोर असता तर त्यानेही हेच केलं असतं," असं म्हणालीस. त्याचं उत्तर आता देते. मला नेहमीच उशिरा सुचतं. खऱ्या चोराने पगाराची खोटी पावती पाठवली असती, बक्षीस लागलंय म्हटलं असतं, आणि मी हात मागे घेतला असता. गच्चीवर आपण काय ठरवलं, ते त्याला कुठून कळणार होतं? दार मजबूतच होतं गं. तुझ्याकडे घरची किल्ली होती.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. मी रागावले आहे, हे नीट ऐक. मी समजूतदार आहे, मोठी आहे, विसरून जाईन, असा हिशेब तू केला असशील, तर तो चुकला.

साहेबांनी खिडकी काढून घेतली. आता मी तळमजल्यावर जुन्या फायलींना नंबर घालते. लेखी खुलासा मागितला आहे. समाधानकारक नसेल तर पुढची नोटीस. खुलाशासाठी अहवालाची प्रत दिली, तिच्या शेवटच्या पानावर तुझं प्रतिज्ञापत्र आहे: या कार्यालयात माझे कोणीही नातेवाईक नाहीत. खाली तुझी सही. तीच लफ्फेदार सही, जी तू माझ्या वहीवर गिरवून शिकलीस. माझं अजून सासरचं आडनाव चालू आहे म्हणून कुणाला संशय आला नाही. त्या घराने मला काही दिलं नाही, पण त्यांचं आडनाव निदान तुझ्या उपयोगी पडलं.

तरी ऐक. मी पहिला खुलासा लिहिला तो असा होता: माझ्या हलगर्जीपणामुळे हे घडले, क्षमा असावी. रागाने दात खात लिहिला, पण तोच लिहिला. तुझी नोकरी जाईल, पुन्हा कोणी तुझ्या हातात दार तपासायला देणार नाही, इतकी वर्षं टेबलावर घासलेली अक्कल फुकट जाईल, हे मला दिसत होतं. पाकिटात घालून ठेवला होता.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. वर आई बरी आहे म्हटलं, ते खरं नाही.

सभागृहाच्या त्या प्रकारानंतर दोनच दिवसांनी लॅबची खरी मेल आली. आपल्या आईचा रिपोर्ट तयार आहे, खाली दाबा. मी ती बघितली आणि हात मागे घेतला. मला वाटलं, पुन्हा तूच. किंवा तुझ्यासारखं कोणीतरी. फोन करून विचारता आलं असतं. नंबर त्या मेलमध्येच होता, त्यावर विश्वास बसेना. खरा नंबर घरी पावतीवर होता, आणि तो मी शोधला नाही. आज शोधते, उद्या शोधते करत सहा दिवस काढले. हे माझं, ते तुझ्या माथी मारत नाही.

आईने वाट बघितली आणि सातव्या दिवशी मी ऑफिसात असताना बसने लॅबमध्ये गेली. कागद घेतला. बाहेरच्या बाकावर बसून एकटीने वाचला. मी घरी आले तेव्हा ती भांडी पुसत होती. फुफ्फुसावर डाग आहे, भिंगरी. डॉक्टर म्हणतात, लवकर सापडला, उपचार होतील, सोमवारपासून सुरू. आठवडा गेल्याने फार बिघडलं नाही, असंही म्हणतात. पण ती पुन्हा एकटी बाकावर बसली. आपण जे होऊ द्यायचं नाही म्हणून ठरवलं होतं, नेमकं तेच झालं.

मी माफी मागायला लागले तर तिने हात धुतले आणि म्हणाली, "तुम्ही दोघी आधी बघता, हे मला ठाऊक होतं. मी कागद कधी वाचायचेच नाही. तुमचे चेहरे बघायचे. या वेळी बघायला चेहरा नव्हता, एवढंच." मग म्हणाली, भिंगरीला एवढ्यात सांगू नकोस, तिला कामाचा ताण असतो.

त्या संध्याकाळी मी पहिला खुलासा फाडला.

दुसरा चार ओळींचा आहे. मेल ओळखण्यात माझी चूक झाली नाही, असं त्यात लिहिलं आहे. ती माझ्या सख्ख्या बहिणीची वाटली म्हणून मी उघडली, आणि ती माझ्या सख्ख्या बहिणीनेच पाठवली होती. बाकी तुझ्याविषयी वाईट एक शब्द नाही, चांगलाही नाही.

मंगळवारी दुपारी तीन वाजता तो साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. हे पत्र तुला शनिवारी मिळेल. मधले दिवस तुझे. तुझ्या वरिष्ठांना तू स्वतः जाऊन सांगितलंस तर ते माझ्या कागदाआधी पोचेल. नाही सांगितलंस तर माझा कागद पोचेल. सोमवारी आईजवळ आलीस तर दार उघडं आहे, पण माझ्या ऑफिसात तू काय केलंस ते तिला तूच सांगायचंस. माझ्याशी लगेच बोलायची अपेक्षा ठेवू नकोस. मला वेळ लागेल, किती ते मलाही माहीत नाही.

खुलाशाची प्रत सोबत जोडली आहे. वाईट बातमीचं पाकीट एकटीने फोडायला लावायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. मी माझ्याकडून ते पाळते आहे, जमेल तेवढं.

आधी तू बघ.

तुझी,
ताई