वादळाचं माहेर

४ नोव्हेंबर, मंगळवार

धाकटीचा फोन नाही! या दिवसांत एव्हाना दोनदा तरी वाजतो. वादळं जन्मतात माझ्या बहिणीच्या बेटाशेजारी आणि आदळतात माझ्या छपरावर. जन्मलं की बाईसाहेब फोनवर खिदळतात — "अक्का, लेक सासरी निघाली गं! सांभाळ!" तिच्याकडे नुसती झुळूक. इथं पोचेपर्यंत कार्टीला दात फुटलेले.

पण तेवढ्या निरोपावर मला चार दिवस मिळतात. शिडी लावते, पत्रे दोरानं आवळते आणि निवांत चहा पीत बसते.

६ नोव्हेंबर

अजून नाही. रुसली असणार. तिच्या नव्या कवळीला मी 'घोड्याचं हसू' म्हटलं होतं. खोटं होतं का?

मी नाही करणार फोन. मी मोठी आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

नात हवामान खात्यात नकाशे बघते. जेवताना म्हणाली, "धाकटी आजी रुसली नाहीये गं. यंदा तिकडे वादळच जन्मलं नाही. समुद्राचं गरम पाणी आपल्याकडे सरकलंय. पाणी तापतं तिथं वादळ जन्मतं."

"म्हणजे माहेर बदललं?"

"तसंच. दरवर्षी थोडं इकडे-तिकडे होतंच. यंदा जरा जास्त."

"असं माहेर बदलता येतं होय! आम्हाला कुणी सांगितलं नाही ते."

हसून तिला ठसका लागला. पाणी दिलं. मग विचारलं, "मग आता येणार कुठून?"

"येणार नाही, आजी. इथूनच जाणार."

जाणार तर जाऊ दे! बला टळली.

११ नोव्हेंबर

शिडी शेजारणीला देऊन टाकली वापरायला. दोर माळ्यावर. यंदा सुट्टी!

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून कोंदट. दोरीवरचा परकरसुद्धा हलेना. दुपारी नातीचा ऑफिसातून फोन — "जन्मलं, आजी. आपल्या समोरच. घाबरू नकोस, बाळ आहे अजून. आपल्याला नुसता पाऊस."

"आणि मोठं होऊन कुठे दिवे लावणार?"

एरवी एकाला चार उत्तरं देणारी पोरगी हळूच म्हणाली,

"वारं त्याला धाकट्या आजीच्या बेटाकडे ढकलतंय."

धाकटीचे पत्रे नुसते खिळ्यांवर. उभ्या जन्मात तिनं दोर घेतला नाही. लागला कधी?

त्याच दिवशी, संध्याकाळी

मीच केला फोन. "लेक सासरी निघाली गं. तुझ्याकडे."

खिदळायला लागली. "अक्का, थट्टा पुरे!"

"थट्टा नाही. पत्रे बांध."

मग अगदी लहान आवाजात —

"अक्का, कसे बांधतात गं?"