पाण्याविना गोळी

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा! छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं. मी क्रेनच्या केबिनमध्ये, वीस मजले वर, आणि हुकाला सळ्यांचा भारा लटकलेला. भारा आधी खाली टेकवला, मग घाम पुसला. वॉकीटॉकीवर पोपट – खालचा सिग्नलवाला, दिवसभर बडबडतो म्हणून पोपट – "दादा, झोपलात की काय?" म्हटलं, ऊन लागतंय.

खरं कुणाला सांगू? थोरला भाऊ याच वयात गेला. तोही म्हणायचा, "काही नाही रे, गॅस झालाय."

५ मार्च, बुधवार

मान आखडलीये. दिवसभर पायांमधल्या काचेतून खाली बघायचं, दुसरं काय होणार! मानेसाठी रोजच्यासारखी सकाळी एक गोळी, अकराला दुसरी, दुसऱ्या रंगाची. छाती जळायला लागली तेव्हा तिसरी. दुखण्याचीच गोळी ना, मान काय नि छाती काय.

सगळ्या कोरड्याच गिळल्या. पाणी प्यायलं की लघवीला उतरावं लागतं – शिडीच्या दोनशे पायऱ्या, तोवर काम बंद, वर सुपरवायझरच्या शिव्या. म्हणून न्याहारीही करत नाही. आम्हा क्रेनवाल्यांचं असंच.

६ मार्च

जळजळ आहेच. लिहिण्यासारखं काही नाही.

८ मार्च, शनिवार

बायकोने धुवायच्या पँटमधून गोळ्यांच्या चार रिकाम्या पट्ट्या काढल्या. "अहो, खाऊ आहे का हा?" मी ओरडलो. ती कुठली ऐकते! "छाती चोळत बसता ते दिसत नाही मला? आंधळी आहे मी?" मग हळूच म्हणाली, "थोरल्या वहिनींसारखं मला एकटं नाही बसायचं."

गुरुवारी वार्षिक तपासणी. हृदयाचं काही निघालं तर कायमचा खाली. बावीस वर्षं वर काढली. खाली मी काय करू? भीती वाटतेय. मरायची कमी, उतरायची जास्त.

१३ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. बायको शेजारी बसलेली, खोटं बोलायची सोयच नव्हती. छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, मग दोन तास बाकावर. तोंडचं पाणी पळालं होतं.

हृदय ठीक!!

"आग या गोळ्यांनी लावलीये," बाई म्हणाल्या. पोटाला आतून जपणारा थर असतो, तो या गोळ्या कमजोर करतात. मग आपलंच आम्ल आपल्याला जाळतं. त्यात मी रिकाम्या पोटी, पाण्याविना – गोळी अन्ननलिकेतच चिकटते. वर दिवसभर वाकून बसायचं. दोन रंगांच्या गोळ्या, पण एकाच घराण्यातल्या! "जळजळीवर तिसरी घेतलीत? आगीत तेलच ओतलंत." शौचाला काळं झालं तर त्याच पावली या, म्हणाल्या. छातीत दुखलं तर घरी अंदाज करत बसू नका, हेही.

गोळ्या बंद. पोटाला वेगळं औषध. "मान हाडांच्या डॉक्टरांना दाखवा." हो म्हटलं. बघू.

वर चढायला हरकत नाही, अशा कागदावर सही मिळाली! येताना बायको रस्त्यातच रडली. मीही, जरासा.

१७ मार्च, सोमवार

न्याहारी करून वर. सोबत पाण्याची बाटली. दोनदा उतरलो, सुपरवायझर बोंबलला. बोंबलू दे! छाती गार. मान मात्र – आई गं.

१९ मार्च, बुधवार

कळ खांद्यावरून हातात उतरतेय. गोळ्यांनी किती झाकून ठेवलं होतं! बायकोला सांगितलं नाही. आत्ता कुठे हसायला लागलीये.

२० मार्च

डाव्या हाताची दोन बोटं बधिर. त्या हातातला क्रेन फिरवायचा दांडा पुढे सरकला ते कळलंच नाही. भारा पोपटाच्या डोक्यावरून गेला, वीतभर अंतराने. त्याला वाटलं मी गंमत केली – "दादा, केस कापता का माझे?" हसत होता.

क्रेन बंद केली. उतरलो. सुपरवायझरला म्हटलं, मला आता वर पाठवू नका.