मंजूच्या पुस्तकाचा सप्ताह

कलबुर्गी,
२ मार्च २०२५

ती. अण्णांना,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी एक वाक्य बोलले की तुम्ही चार बोलता, म्हणून पत्र लिहिते आहे. तीस वर्षं ठाणाकुशनूरचं पोस्ट सांभाळलेला माणूस पत्र तरी मधे न तोडता वाचेल.

भावाचं लग्न आहे म्हणून बालाजीच्या लग्नाला मी येईन, पण पुनीला आणणार नाही. मागची जत्रा आठवतेय ना? सात वर्षांची तुमची नात स्वमग्न आहे. ती लाडावलेली नाही, की तिला कुणाची दृष्टही लागलेली नाही. गल्लीतल्या प्रत्येकीनं तिचा गालगुच्चा घेतला, वर हलगी कडाडली, पोर घाबरून कॉटखाली गेली, आणि नागम्माकाकूनं दंडाला धरून तिला ओढून काढलं. तिचे होते ते चार शब्दही महिनाभर गेले, अण्णा.

सोबत एक पुस्तक पाठवते. अशा मुलांशी कसं वागावं, ते सोप्या मराठीत सात धड्यांत लिहिलंय. तुम्हाला ते पटलं असं वाटलं, तर पुनीला आणायचा विचार करीन. तुमचे जावई प्राणेश बरे आहेत. आईला नमस्कार.

लोभ आहेच, तो वाढवा. हलगी तेवढी कमी करा.

तुमची मंजू

---

ठाणाकुशनूर,
१९ मार्च २०२५

चि. सौ. मंजूस,
अ. उ. आ.

पुस्तक पोचलं. पाकिटावरचा शिक्का फार पुसट होता. आमच्या वेळी हे चालत नव्हतं.

मी पुस्तक तीनदा वाचलं आणि मग मारुतीच्या देवळात त्याचा सप्ताह लावला. धडे सात, दिवस सात, आणखी काय पाहिजे? रोज दिवेलागणीला मी एक धडा वाचायचो, विरुपाक्ष शिंपी तो कन्नडमधून समजावून सांगायचा, आणि शेवटी आरती. पुस्तकात आरती नाही, पण आरतीवाचून पोथी उठवायची कशी? तुझी आई खोबरं-साखर वाटायची. मुखपृष्ठाला जरा हळदकुंकू लागलंय, ते मनावर घेऊ नकोस.

गावावर परिणाम दांडगा झाला. डोळ्यांत बघायची सक्ती करू नये, असं दुसऱ्या धड्यात आलं, तेव्हा विरुपाक्ष म्हणाला, माझा संसार ह्याच्यावरच टिकलाय की! उत्तराला वेळ द्यावा, मनात दहा मोजावेत, असं तिसऱ्यात आहे. आता चन्नवीरच्या दुकानात साखर मागितली की तो दहा मोजून मग उठतो, आणि बाहेर रांग लागते. पुढे काय होणार ते आधी सांगावं, असं पाचव्यात आहे. तुझी आई आता आधी सांगते, मग रागावते.

तेव्हा पुनीला निर्धास्त आण.

राग अर्धा, लोभ पुरता ठेव.

तुझे अण्णा

---

कलबुर्गी,
२५ मार्च २०२५

ती. अण्णांना,
न. वि. वि. (साष्टांग आज नाही.)

पुस्तक तुम्हाला पाठवलं होतं, मारुतीला नव्हे. मी स्वतः मास्तरीण असून माझ्या शाळेत पुनीबद्दल कुणाला सांगायचा मला अजून धीर होत नाही, आणि तुम्ही त्यावर खोबरं वाटलंत!

मी एकटीच येईन. अक्षता टाकून संध्याकाळच्या बसनं परत.

तब्येत सांभाळा. लोभाचं नंतर बघू.

मंजुश्री

---

ठाणाकुशनूर,
१ एप्रिल २०२५

चि. सौ. मंजूस,
अ. उ. आ.

तू रागावलीस ते बरोबर आहे. काय होणार ते आधी सांगावं, हे अख्ख्या गावाला शिकवलं आणि तुलाच सांगितलं नाही. माझं चुकलं.

पुनीचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. पण चौथ्या दिवशी स्पर्शाचा धडा निघाला आणि नागम्मा मधेच उठली. रडत म्हणाली, हे तर आपल्या मंजूच्या लेकराचं हाय, मीच वढून काढलं की तिला, मला आधी कामून कुणी सांगितलं न्हाई? मग मला बोलावंच लागलं. मंजू, पुनीला बाहेर ओढ, असं नागम्माला मीच सांगितलं होतं. पाहुण्यांपुढे मला लाज वाटली. वर्षभर ते तिच्या नावावर खपवलं. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि आज तुला सांगतो.

एकट्यानं शहाणं होऊन मी काय करणार होतो? गालगुच्चे सगळ्या गल्लीनं घेतले होते. पुनीला आणायचं की नाही ते तू ठरव. हलगी मारुतीपाशीच थांबेल, एवढं नक्की.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

अण्णा

---

कलबुर्गी,
८ जून २०२५

ती. अण्णांना,
मंजूचा शि. सा. न. वि. वि. (साष्टांग परत दिला आहे.)

शाळा उघडली, म्हणून लग्नानंतरच्या पत्राला उशीर झाला.

तुमच्या पत्रानंतर मन बदललं, पुनीला घेऊन आम्ही स्टँडवर उतरलो आणि समोरच्या सगळ्यांनी आमच्याकडे पाठ केली, तेव्हा मला वाटलं, गावानं वाळीतच टाकलं! विरुपाक्षकाकांनी तर भिंतीकडे तोंड करून प्रवास कसा झाला ते विचारलं. अण्णा, डोळ्यांत बघू नये म्हणजे पाठ फिरवावी असं नसतं हो. आणि मांडवात लग्न लावणाऱ्या गुरुशांतप्पांनी जाहीर केलं की आता तांदूळ पडणार हायेत, कुणी भिऊ नये, तेव्हा मोठी माणसंच दचकून वर बघायला लागली. हसण्याच्या नादात माझ्या अक्षता हातातच राहिल्या.

एवढ्या गर्दीत पुनी शेवटी कॉटखाली गेलीच. तुम्ही पंगतीत वाढत होतात, म्हणून पुढचं तुम्हाला दिसलं नाही. नागम्माकाकू आली, कॉटपासून दोन हात लांब जमिनीवर बसली आणि एक अक्षर बोलली नाही. दोन पंगती उठल्या तरी ती उपाशीच. मी दारात जीव मुठीत धरून उभी. मग पुनी आपणहून बाहेर आली, काकूपुढे उभी राहिली आणि तिचा असा गालगुच्चा घेतला की काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी काकू हलली नाही. हसत एवढंच म्हणाली, आधी सांगायचं असतंय गं माय, पुस्तकात हाय.

मी तिथेच बसून रडले. बरं वाटून रडले, अण्णा, कितीतरी दिवसांनी. शाळा उघडली त्याच दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पुनीबद्दल सांगून टाकलं. खोबरं मात्र वाटलं नाही.

पुस्तक हळदकुंकवासकट तुमच्याकडेच राहू द्या. औरादच्या मावशींनी मागितलंय म्हणे, त्यांना द्या.

आणखी एक. पुनी रोज लग्नाच्या फोटोत तुम्हाला शोधते आणि तुमचा गाल चिमटीत धरते. नागम्माकाकूला ओढायला कुणी सांगितलं होतं, ते तिला मी बोलले नाही, पण तुमची पाळी राहिलीय हे तिला कळलेलं दिसतं. तेव्हा पाचव्या धड्याप्रमाणे आधीच कळवते: दिवाळीला आम्ही येतो आहोत.

लोभ असू द्या, आणि दाढी करून ठेवा.

तुमची मंजू